कोणता माऊस घ्यावा? हा प्रश्न ६० वर्षांपूर्वी एका माणसाने गुडघ्यापर्यंत नेऊन तपासला होता

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरचं छोटं स्टेशन. अलीकडे देहूरोड, पलीकडे घोरावाडी. मावळातून पुण्याकडे नोकरीला जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये हल्ली डब्यासोबत लॅपटॉप असतो आणि बाजूच्या कप्प्यात वायरलेस माऊस.

हा माऊस घेताना आपण काय बघतो? किंमत, किती स्टार आहेत, रंग कोणता आणि खोक्यावर डीपीआयचा आकडा किती मोठा छापलाय. दुकानात गेलो तर हातात धरून दोन-चार वेळा टकटक करतो आणि पैसे देतो.

एका माणसाने मात्र हीच निवड करण्यासाठी रीतसर प्रयोग मांडला होता. पाच वेगवेगळी उपकरणं, समोर स्क्रीन, माणसं बसवलेली आणि वेळ मोजायला खुद्द कॉम्प्युटर. त्यातलं एक उपकरण टेबलाखाली बसवून गुडघ्याने चालवायचं होतं. गंमत म्हणजे नवख्या माणसांच्या बाबतीत या गुडघ्याच्या दांड्याने माऊसलाही मागे टाकलं.

त्या माणसाचं नाव डग्लस एंगलबार्ट. माऊसचा जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. ही ओळख चूक नाही, पण त्यांच्या आयुष्याचा तो फार छोटा भाग होता आणि त्यांना स्वतःला याचं दुःख होतं.

डगचा जन्म ३० जानेवारी १९२५ चा, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँडचा. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. जागतिक मंदीचे दिवस, त्यात घरात कमावता माणूस नाही. मुलगा हुशार होता, इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला ऑरेगन स्टेट कॉलेजात गेला, पण मध्येच दुसरं महायुद्ध आलं आणि शिक्षण सोडून नौदलात भरती व्हावं लागलं. तिथे त्याला रडार तंत्रज्ञाचं काम मिळालं.

हे रडार पुढच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. रडारच्या पडद्यावर ठिपके दिसायचे आणि समोर बसलेला माणूस ते बघून निर्णय घ्यायचा. म्हणजे यंत्र माणसाला पडद्यावर काहीतरी दाखवतंय आणि माणूस त्याच्याशी लगेच काहीतरी करतोय, हे दृश्य डगच्या डोक्यात वयाच्या विशीतच बसलं. त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र होतं. पंच केलेली कार्डं देऊन यायची आणि उत्तराची वाट बघायची. पडद्याचा तिथे संबंधच नव्हता.

१९४५ मध्ये त्याची नेमणूक फिलिपिन्समध्ये झाली, तेव्हा युद्ध संपत आलं होतं. तिथल्या लेयते बेटावर रेड क्रॉसचं एक वाचनालय होतं, खांबांवर उभी असलेली झोपडीच ती. तिथे त्याच्या हाती वॅनिव्हर बुश या शास्त्रज्ञाचा एक लेख पडला. माहितीचा ढीग इतका वाढत चाललाय की माणसाला त्यातून हवं ते सापडणं मुश्किल होईल, त्यासाठी टेबलावर बसेल असं एखादं यंत्र लागेल, असा त्या लेखाचा सूर होता. लेख वाचला, आवडला, मागे पडला.

युद्धानंतर १९४८ मध्ये डिग्री घेतली आणि कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत नोकरी धरली. विमानांचं संशोधन करणाऱ्या या संस्थेचंच पुढे नासा झालं. नोकरी चांगली, पगार नियमित. डिसेंबर १९५० मध्ये लग्नही ठरलं, बॅलर्ड फिश हिच्याशी. बाकी कुणाला इथे निवांत वाटलं असतं. एंगलबार्ट यांना उलटं झालं. पंचविशीत नोकरी आणि छोकरी दोन्ही ठरलं, मग आयुष्यात आता करायचं काय राहिलं, या विचाराने ते बेचैन झाले.

त्या बेचैनीत त्यांनी एक हिशेब मांडला. जगाचे प्रश्न दिवसेंदिवस जास्त गुंतागुंतीचे होतायत आणि ते सोडवायला वेळ कमी पडतोय. मग एखादा प्रश्न सोडवण्यापेक्षा, प्रश्न सोडवण्याची माणसांची ताकदच वाढवली तर? इथे रडारचा पडदा आठवला. माणसं पडद्यासमोर बसलीत, एकमेकांचं काम बघतायत, एकत्र विचार करतायत असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यांनी प्रत्यक्ष कॉम्प्युटर तोवर पाहिलाही नव्हता. नोकरी सोडली, बर्कलेला जाऊन १९५५ मध्ये पीएचडी केली आणि १९५७ मध्ये मेन्लो पार्कमधल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एसआरआयमध्ये रुजू झाले. १९६२ मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेचा भलामोठा अहवाल लिहिला. त्यावर अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने पैसे दिले, नासानेही दिले.

पैसे आले, पडदाही आला. आता अडचण अशी की पडद्यावरच्या एखाद्या शब्दाकडे बोट कसं दाखवायचं?

तेव्हा यासाठी लाइट पेन वापरायची पद्धत होती. हातातलं पेन सरळ पडद्याला टेकवायचं. दिसायला झकास. पण हात हवेत उचलून धरायचा, काम झालं की पेन खाली ठेवायचं, मग टायपिंग, मग पुन्हा पेन शोधायचं. दुसरा पर्याय जॉयस्टिक. तिसरं ग्राफाकॉन नावाचं उपकरण, यात एका सरकत्या दांड्याला पेन लावलेलं असे.

चौथं एंगलबार्ट यांच्या स्वतःच्या वहीतलं. १९६१ च्या आसपास एका परिषदेत बसल्या बसल्या त्यांना प्लॅनिमीटर आठवला होता. नकाशावरच्या वेड्यावाकड्या तुकड्याच्या कडेवरून फिरवलं की त्याचं क्षेत्रफळ सांगणारं हे यंत्र. त्यात एक चाक असतं, ते एका दिशेने गेलं तर फिरतं आणि आडवं ढकललं तर नुसतं घसरतं. मग एकमेकांना काटकोनात दोन चाकं लावली तर? एक चाक आडवी हालचाल मोजेल, दुसरं उभी. बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ मध्ये ते बनवलं. लाकडाचा ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक लाल बटण आणि मागून निघालेली वायर. ही वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून टीममधल्या कुणीतरी त्याला उंदीर म्हटलं. कुणी, ते नंतर कुणालाच आठवलं नाही. पुढे वायर मनगटाखाली अडकते म्हणून ती समोरून काढली, तरी नाव राहिलं. आज वायरलेस माऊस घेणारा माणूस मुळात शेपटी कापलेला उंदीर घेत असतो.

आणि पाचवं उपकरण म्हणजे तो गुडघा. टेबलाच्या खालच्या बाजूला दांडा बसवायचा. गुडघा डावीकडे-उजवीकडे केला की कर्सर आडवा जाणार, टाच उचलून गुडघा वर-खाली केला की उभा. ऐकायला वेडगळ वाटतं, पण पायाने शिलाई मशीन चालवणाऱ्याला यात वेडगळ काही वाटणार नाही. हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

आता इथे बहुतेक संशोधकांनी काय केलं असतं? स्वतःचा ठोकळा उचलला असता आणि हाच बेस्ट म्हणून जाहीर करून टाकलं असतं. एंगलबार्ट आणि इंग्लिश यांनी नासाच्या पैशातून पाचही उपकरणांची स्पर्धा लावली.

पद्धत साधी होती. पडद्यावर कुठेतरी खुणेची अक्षरं उमटायची. बसलेल्या माणसाने स्पेस बार दाबला की घड्याळ सुरू. मग कीबोर्डवरचा हात उपकरणाकडे न्यायचा, कर्सर खुणेवर आणायचा आणि बटण दाबायचं. कॉम्प्युटर दोन वेळा वेगवेगळ्या नोंदवायचा. हात उपकरणापर्यंत जायला लागलेला वेळ एक आणि कर्सर खुणेपर्यंत न्यायला लागलेला वेळ दुसरा. चुकीच्या जागी दाबलं तर चूक धरली जायची. शिवाय सरावलेली माणसं आणि अगदी नवखी माणसं असे दोन गट वेगळे ठेवले होते. माणसं मूठभरच होती, आजच्या हिशेबाने हा फार छोटा प्रयोग म्हणावा लागेल.

निकाल १९६७ मध्ये छापून आला. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस सगळ्यात जलद आणि त्यांच्या चुकाही सगळ्यात कमी. नवख्यांच्या बाबतीत मात्र लाइट पेन आणि गुडघ्याचा दांडा माऊसच्या पुढे गेले. स्वतःच्या शोधाच्या विरोधात जाणारा हा निकालही त्यांनी तसाच छापला.

थोडं थांबून बघा, या निकालात आपल्या खरेदीसाठी केवढा मसाला आहे.

पहिल्या दहा मिनिटांत जे उपकरण सोपं वाटतं ते सहा महिने वापरल्यावर चांगलं ठरेलच असं नाही. दुकानात हातात घेऊन टकटक करणारे आपण सगळे त्या नवख्यांच्या गटात मोडतो. रोज आठ तास एक्सेल शीट चाळणारा माणूस दुसऱ्या गटात. चपटा, छोटा, खिशात मावणारा माऊस दुकानात गोड दिसतो, पण तळहाताला टेकायला काही मिळालं नाही की बोटं आकसून धरावी लागतात आणि संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. रोजच्या कामासाठी हाताच्या मापाचा माऊस घ्यावा, छोटा प्रवासापुरता ठीक. डावखुऱ्यांनी तर आकार दोन्ही बाजूंनी सारखा आहे ना एवढं आधी बघावं.

एंगलबार्ट यांनी वेगळा मोजलेला हात नेण्याचा वेळ वायरलेस माऊसमध्ये दुसऱ्या रूपात परत आलाय. बॅटरी वाचवण्यासाठी हे माऊस काही वेळाने झोपतात. हात ठेवल्यावर जागे व्हायला कोण किती वेळ घेतो, यात फरक असतो. साधारणपणे छोटा डोंगल लावून चालणारे माऊस पटकन जागे होतात आणि ब्लूटूथवाले कधी कधी क्षणभर रेंगाळतात. पण ब्लूटूथला पोर्ट लागत नाही, आणि हल्लीच्या पातळ लॅपटॉपला पोर्ट असतातच किती? एकच पोर्ट असेल तर ब्लूटूथ, टेबलावर कायम बसलेला कॉम्प्युटर असेल तर डोंगल, इतका सरळ विचार पुरतो.

डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कमधून याच पट्ट्यात विजेचा गोंगाट होतो. कर्सर अडखळायला लागला तर माऊस बिघडला असं समजून परत करण्याआधी डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावून बघा.

आणि डीपीआय. हा आकडा म्हणजे माऊस एक इंच सरकला तर सेन्सर किती टप्पे मोजतो ते. आकडा मोठा म्हणजे माऊस अचूक असं नाही. ऑफिसच्या कामाला हजार-दीड हजार खूप झाले. चुका वाढतात त्या खालच्या पृष्ठभागामुळे. साधा ऑप्टिकल माऊस काचेच्या टेबलावर गडबडतो, तिथे खाली एक वही ठेवली तरी काम होतं.

लोकलमध्ये बसून काम करणाऱ्यांना तर टेबलच नाही. तिथे कुठलाही माऊस हरतो आणि लॅपटॉपचा टचपॅड जिंकतो. गुडघ्यांवर लॅपटॉप असताना गुडघ्याचा दांडाही बाद.

असो. गोष्टीकडे वळू.

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरवाल्यांची मोठी परिषद भरली होती. सुमारे हजार माणसं बसलेली. एंगलबार्ट शर्ट-टायमध्ये, डोक्याला हेडफोन-माईक लावून स्टेजवर आले आणि दीड तास त्यांनी जे दाखवलं ते कुणी आधी बघितलेलं नव्हतं. पडद्यावर मजकूर लिहायचा, खोडायचा, हलवायचा. एका शब्दावर क्लिक केलं की दुसरीकडे उडी. साधारण ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधला सहकारी त्याच पडद्यावर दिसतोय आणि दोघं मिळून एकाच कागदावर काम करतायत. १९६८ मध्ये! उदाहरण म्हणून त्यांनी कुठलं क्षेपणास्त्राचं गणित घेतलं नव्हतं, घरी जाताना आणायच्या किराणा सामानाची यादी घेतली होती. उजव्या हातात माऊस होता, आता त्याला तीन बटणं आली होती.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढे या प्रात्यक्षिकाला सगळ्या प्रात्यक्षिकांची आई असं नाव पडलं. वर्षभरात, ऑक्टोबर १९६९ मध्ये, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश लॉस एंजेलिसहून निघाला तो याच एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला.

त्या दीड तासात त्यांचा डावा हात काय करत होता, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक छोटं यंत्र होतं. बाजाच्या पेटीवर एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या दाबाव्यात तशा पट्ट्या दाबून अक्षरं टाईप करायची. पाच पट्ट्यांच्या ३१ वेगवेगळ्या जोड्या होतात, म्हणजे इंग्रजी वर्णमाला बसून उरते. उजवा हात माऊसवर, डावा पट्ट्यांवर, मधल्या कीबोर्डकडे हात न्यायची गरजच कमी. प्रयोगात मोजलेल्या त्या वाया जाणाऱ्या वेळेवर हा इलाज होता.

पण तो शिकावा लागत असे. जोड्या पाठ करायच्या, सराव करायचा. एंगलबार्ट यांना यात काही गैर वाटत नव्हतं. त्यांच्या मते तीनचाकी सायकल कुणालाही लगेच चालवता येते, दोनचाकी शिकताना गुडघे फुटतात, पण म्हणून मोठी माणसं आयुष्यभर तीनचाकीवर फिरत नाहीत. कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी सोपा वाटला पाहिजे हा हट्ट माणसाला तीनचाकीवरच ठेवेल, असं त्यांना वाटायचं.

बाजाराला नेमकी तीनचाकीच हवी होती.

१९७० नंतर त्यांच्या प्रयोगशाळेला गळती लागली. बिल इंग्लिश १९७१ मध्ये झेरॉक्सच्या नव्या संशोधन केंद्रात, पार्कमध्ये गेले आणि तिथे चाकांच्या जागी गोळी असलेला माऊस बनवला. गोळीच्या माऊसवर जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीनेही १९६८ मध्येच स्वतंत्रपणे काम केलं होतं, हे सांगायला हवं. पाठोपाठ बाकीची पोरंही गेली. नव्या पिढीला प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा छोटा कॉम्प्युटर हवा होता. एंगलबार्ट यांना सगळ्यांना जोडणारी एकच मोठी यंत्रणा हवी होती. ते आपल्या मतावरून हलत नव्हते. सोबत काम करायला ते सोपे नव्हते, हेही खरं. आर्पाचे पैसे आटले, एसआरआयने त्यांची प्रयोगशाळा टाइमशेअर नावाच्या कंपनीला विकली आणि १९८४ मध्ये ती कंपनी मॅकडोनेल डग्लस या विमान बनवणाऱ्या कंपनीने घेतली. नव्या मालकांना त्यांच्या स्वप्नात रस नव्हता. याच पडत्या काळात त्यांचं राहतं घरही आगीत गेलं.

इकडे १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स झेरॉक्सचं केंद्र बघून आले आणि त्यांनी डीन होवी या डिझायनरला स्वस्तातला माऊस बनवायला सांगितलं. झेरॉक्सचा माऊस शेकडो डॉलरला पडायचा, यांना १५ डॉलरच्या आसपास हवा होता. पहिला नमुना बनवताना होवी यांनी रोल-ऑन डिओडरंटची गोळी आणि लोण्याची डबी वापरली. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला, त्यासोबत एकाच बटणाचा माऊस. चुकायला जागाच नाही. पाच पट्ट्यांचं यंत्र कुणी सोबत घेतलं नाही.

पैशाचं काय झालं? माऊसचं पेटंट १७ नोव्हेंबर १९७० रोजी मंजूर झालं होतं, त्याचा क्रमांक ३५४१५४१. पण मालकी एसआरआयची. एंगलबार्ट यांनी नंतर सांगितल्यानुसार एसआरआयने ॲपलला सुमारे ४० हजार डॉलरमध्ये परवाना देऊन टाकला. १९८७ मध्ये पेटंटची मुदत संपली, म्हणजे घरोघरी माऊस पोहोचण्याच्या तोंडावरच. त्यांना रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही. त्याबद्दल ते फार कडवट बोलल्याचं दिसत नाही. त्यांची खंत वेगळी होती. जगाने हातातला ठोकळा उचलला आणि ज्या कामासाठी तो बनवला होता ते काम टेबलावरच सोडलं.

१९८६ मध्ये ते निवृत्त झाले. मुलगी क्रिस्टिना हिच्यासोबत त्यांनी बूटस्ट्रॅप इन्स्टिट्यूट काढली आणि पुन्हा तोच विषय घेऊन कंपन्यांची दारं ठोठावायला लागले. ज्या कंपनीने त्यांना बसायला जागा दिली ती होती लॉजिटेक. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गावात सुरू झालेली आणि माऊसवर मोठी झालेली ही कंपनी. तिने १९८४ मध्ये इन्फ्रारेडवर चालणारा बिनवायरचा माऊस बनवला होता, पण तो टीव्हीच्या रिमोटसारखा, मध्ये कप आला की बंद. १९९१ मध्ये रेडिओ लहरींवर चालणारा आणला आणि आजच्या वायरलेस माऊसची वाट तिथून मोकळी झाली. फ्रीमाँटमधल्या लॉजिटेकच्या इमारतीत एंगलबार्ट यांचं छोटं ऑफिस होतं. आजूबाजूला माऊस विकणारी माणसं आणि मध्ये मानवजातीची एकत्र विचार करायची ताकद कशी वाढवावी याचे आराखडे मांडत बसलेला म्हातारा माणूस.

मान उशिरा मिळाला, पण मिळाला. १९९७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार आणि त्याच वर्षी पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार. पत्नी बॅलर्डही त्याच वर्षी गेल्या. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

डिसेंबर २००८ मध्ये त्या प्रात्यक्षिकाला ४० वर्षं झाली, त्यानिमित्त स्टॅनफर्डला कार्यक्रम झाला, ८३ वर्षांचे एंगलबार्ट तिथे होते. त्याच महिन्यात लॉजिटेकने आपला शंभर कोटीवा माऊस बनवल्याचं जाहीर केलं.

२ जुलै २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲथर्टनमध्ये राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय ८८ वर्षं.